व्यवसायोपचाराचे शिक्षण घेताना स्वतःची घडण: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

'मी ओटी शिकते' असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा ऑपरेशन थिएटर येते. माझ्या आजीला खणा-नारळाची ओटी आठवली होती आणि त्याचे कॉलेज असते हे ऐकून ती बराच वेळ हसत होती. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आजाराने किंवा अपंगत्वाने अडलेली रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून केला जाणारा उपचार; पण 'व्यवसायोपचार' असे शुद्ध मराठीत सांगितले तर लोक धंद्याविषयी विचारू लागतात. पहिले वर्षभर मी कोणालाही नीट उत्तर देऊ शकले नाही, आणि त्याचे खरे कारण असे होते की मलाच ते ठाऊक नव्हते.

नीटचे गुण, सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या, शरीररचनाशास्त्राची पुस्तके यांविषयी माहिती देणारे पुष्कळ जण भेटतात. हे शिक्षण आपल्या स्वभावाकडून काय मागते, हे मात्र मला आधी कोणी सांगितले नव्हते. मुंबईतल्या एका महाविद्यालयातून मी ही पदवी घेतली. माझ्या वेळी अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता आणि त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे होते. तुमच्या तुकडीला कोणता अभ्यासक्रम लागू आहे ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, कारण सीनियरांच्या तोंडी माहितीवर विसंबून राहणे महागात पडते. पुढे जे लिहिले आहे ते अभ्यासाच्या वेळापत्रकाविषयी नसून त्या वर्षांत माणूस म्हणून स्वतःवर कोणते काम करावे लागते, याविषयी आहे.

## सोबत काय ठेवावे

- दोन वह्या. एक रुग्णांच्या नोंदींची, दुसरी स्वतःची. कारण तिसऱ्या पायरीत दिले आहे.
- गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजण्याचे साधन), कापडी मोजपट्टी आणि रिफ्लेक्स हॅमर (प्रतिक्षिप्त क्रिया तपासण्याची छोटी हातोडी). साधे प्लास्टिकचे गोनिओमीटर पुरते.
- चांगली धारदार कात्री, जी घरी कोणी कागद किंवा मिरच्या कापायला घेणार नाही.
- सेकंदकाटा असलेले घड्याळ. मोबाइलचा टायमर चालतो, पण रुग्णासमोर मोबाइल काढला की त्याला आपले लक्ष उडाल्यासारखे वाटते.
- पांढरे ॲप्रन दोन, आणि टाचा न उचललेले बंद बूट.
- हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद. तीन मात्रांचे नेहमीचे वेळापत्रक सहा महिने चालते, म्हणून वॉर्डात जाण्याआधी नव्हे, तर प्रवेश झाल्याबरोबर पहिली मात्रा घ्या.

## १. आपण इथे का आलो, हा हिशेब पहिल्या सत्रातच मिटवा

आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी पसंतीक्रमात एमबीबीएस वर आणि बीओटीएच, म्हणजे व्यवसायोपचाराची पदवी, बरेच खाली भरले होते. मीही त्यांतलीच. यात लाजण्यासारखे काही नाही, परंतु एक पाय इथे आणि दुसरा पुढच्या वर्षीच्या नीटमध्ये ठेवून वर्ष काढणे, हा पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा सापळा आहे. शरीररचनाशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर बसून नीटचे प्रश्नसंच सोडवणारी आमच्यातली दोघे दोन्हीकडे मागे पडली. पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर जरूर द्या, पण त्याचा निर्णय तारीख ठरवून घ्या, घरच्यांना सांगा आणि प्रवेश रद्द करण्याचे नियम माहितीपुस्तिकेतून आधीच वाचा. ठरलेली तारीख उलटली की तो विषय बंद करा.

निर्णय होईपर्यंत या विषयाचा इतिहास थोडा वाचावा, असे मला वाटते. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू झाली, ती कमला निंबकर यांच्यामुळे. त्या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर भारतात आल्या आणि चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत जाऊन हा विषय शिकून परतल्या. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाने आहे. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत त्याच्या संस्थापक देशांत होता. मला हे कळले ते दुसऱ्या वर्षी, एका व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर न आल्यावर. 'खालच्या पसंतीचा' म्हणून मी ज्याकडे पाहत होते, त्यासाठी एक बाई संसार मांडून झाल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाल्या होत्या, हे कळल्यावर माझी कुरकुर बरीच कमी झाली.

या पायरीवरचा गृहपाठ असा: आपण काय शिकतो ते दोन वाक्यांत, घरातल्या भाषेत लिहा आणि ते एका नातेवाइकावर वापरून पाहा. माझी वाक्ये शेवटी अशी झाली: 'माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो, म्हणजे अंघोळ, स्वयंपाक, शाळा, नोकरी, पूजा, अगदी पत्ते खेळणेसुद्धा, ती कामे आजाराने किंवा अपंगत्वाने अडली तर ती पुन्हा करता यावीत म्हणून आम्ही त्या माणसाबरोबर काम करतो. कधी त्याचा हात तयार करतो, कधी कामाची पद्धत बदलतो, कधी घरातली वस्तू बदलतो.' आजीने यावर विचारले, 'मग माझ्या गुडघ्याचं काय करशील?' तेव्हा मला समजले की वाक्ये जमली आहेत. फिजिओथेरपीला कमी लेखून आपला विषय समजावण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. उद्या त्याच लोकांच्या शेजारच्या टेबलावर उभे राहून एकाच रुग्णावर काम करायचे असते.

## २. रुग्णाच्या आधी स्वतःचा दिवस उलगडून पाहा

कोणतेही काम लहान लहान हालचालींत आणि निर्णयांत फोडून पाहणे, म्हणजे कृतीचे विश्लेषण, हा आपल्या विषयाचा कणा आहे. माझे पहिले सबमिशन चहा करण्याचे होते. मी सात पायऱ्या लिहिल्या आणि मॅडमनी वही न बोलता परत केली. मग मी घरी ओट्यासमोर उभी राहून आईचा चहा पाहिला. गॅसचे बटण एका हाताने दाबून फिरवताना दुसऱ्या हाताचा अंगठा लायटर दाबतो, आणि हे दोन्ही हात एकाच क्षणी वेगवेगळे काम करतात. सांडशीने पातेले उचलताना मूठ घट्ट राहते, पण ओतताना मनगट नव्हे तर कोपरापुढचा हात कलतो. गाळणी धरणारा दुसरा हात नसेल तर गाळणी कपावर टेकवावी लागते, आणि मग कपाचे तोंड गाळणीपेक्षा मोठे असून चालत नाही. दूध उतू जाण्याच्या आधीचा आवाज आई न पाहता ओळखते. दुसऱ्या खेपेस माझी यादी एक्केचाळीस पायऱ्यांची झाली आणि त्यात वास, आवाज, आठवण, घाई या सगळ्यांना जागा मिळाली.

यानंतर एक दिवस आपला सरावाचा हात कापडी पट्टीने छातीशी बांधून काढा. सकाळी दात घासण्यापासून रात्री झोपण्यापर्यंत. टूथपेस्ट लावायला ब्रश कशावर तरी टेकवावा लागतो. ओला टॉवेल पिळायचा तर तो नळाभोवती वळसा घालून एका हाताने पिळता येतो, हे मला त्या दिवशी सुचले आणि पुढे कितीतरी रुग्णांना मी ते शिकवले. सलवारीची नाडी बांधता आली नाही, म्हणून त्या दिवशी मी कॉलेजला इलॅस्टिकची पँट घालून गेले. लोकलमध्ये वरचा दांडा धरला की पिशवी कुठे ठेवायची, हा प्रश्न तर सुटलाच नाही.

इथला सापळा असा की या एका दिवसानंतर विद्यार्थ्याला आपल्याला अपंगत्व 'समजले' असे वाटू लागते. संध्याकाळी पट्टी सुटणार आहे, हे ज्याला ठाऊक असते त्याचा दिवस वेगळाच असतो. या प्रयोगातून तंत्र शिका, प्रश्न शिका. रुग्णाला मात्र 'मला कळतं तुम्हाला काय होतंय' असे कधीही म्हणू नका.

## ३. दोन वह्या, आणि दोघींत सरमिसळ नाही

पहिल्या वहीत रुग्णाची नोंद: तपासणी, उद्दिष्ट, उपचार, बदल. ती शिक्षक पाहतात, तिच्यावर गुण मिळतात. दुसरी वही कोणी पाहत नाही. तिच्यात पोस्टिंगच्या, म्हणजे रुग्णालयाच्या विभागात प्रत्यक्ष काम शिकण्याच्या, प्रत्येक दिवशी दहा मिनिटे लिहायचे: आज काय घडले, त्या वेळी मला काय वाटले, मी जे केले ते का केले आणि पुढच्या वेळी काय वेगळे करीन. चिंतनपर लेखनाचे ग्राहम गिब्स यांचे १९८८ सालचे सहा टप्प्यांचे चक्र पुस्तकात सापडेल. चाचपडत असाल तर तेच वापरा, पण टप्पे भरण्याच्या नादात खरे लिहायचे राहून जाऊ देऊ नका. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

'आज बालरुग्ण विभागात मुलाने ठोकळे फेकले. मी हसले. आतून राग आला होता. राग मुलाचा नव्हता, मागे सर उभे होते त्याचा होता.'

ही चार वाक्ये लिहायला मला वीस मिनिटे लागली, पण परीक्षक मागे उभा असला की मी मुलाशी न खेळता परीक्षकासाठी खेळते, हे मला त्यांतूनच दिसले. सत्राच्या शेवटी ही वही एकदा सलग वाचून काढा. आपला स्वभाव एका पानात दिसत नाही. तीच तक्रार पाचव्यांदा लिहिलेली आढळली की दिसतो.

दोन्ही वह्यांसाठी एक नियम कडक पाळा. रुग्णाचे नाव, पत्ता, खाटेचा क्रमांक स्वतःच्या वहीत लिहू नका. रुग्णाचा फोटो, मग तो 'पहिल्यांदा चमचा धरला' अशा आनंदाचा का असेना, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकू नका. अभ्यासासाठी फोटो लागलाच तर लेखी संमती घ्या आणि चेहरा वगळा.

## ४. हात मागे ठेवायला शिका

या लेखातली एकच पायरी वाचायची असेल, तर ही वाचा.

तिसऱ्या वर्षाच्या पोस्टिंगमध्ये माझ्याकडे एक काका आले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतर वर्षभरात अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू कमजोर झाली होती. उद्दिष्ट होते शर्ट स्वतः घालण्याचे. अधू हात आधी बाहीत, मग चांगला हात. काढताना उलट, चांगला हात आधी. एवढे त्यांना दोन बैठकींत जमले. मग बटणे. पहिले बटण लागले, दुसरे लागले, तिसऱ्याशी येऊन ते अडले. अंगठा आणि तर्जनी यांत बटण धरले जायचे, काजाच्या तोंडाशी यायचे आणि सुटायचे. पुन्हा धरणे, पुन्हा सुटणे. त्यांच्या कपाळावर घाम आला. बाहेर चार रुग्ण बाकावर बसले होते. मी घड्याळाकडे पाहिले, पुढे झाले आणि उरलेली तीन बटणे पटापट लावून टाकली. 'झालं बघा काका,' असेही वर म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टी-शर्ट घालून आले आणि शांतपणे म्हणाले, 'आज बटणं नाहीत, मॅडम. तुमचा वेळ वाचेल.'

मी हे सांगितल्यावर आमच्या मॅडमनी मला त्यांच्या पुढच्या बैठकीत स्टुलावर बसवले आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घ्यायला सांगितले. तिसऱ्या बटणाला त्या दिवशी सहा मिनिटे लागली. त्या सहा मिनिटांत माझ्या खांद्यांना, बोटांना, जबड्याला जी ओढ लागली होती ती मी अजून विसरलेले नाही. काकांपेक्षा माझीच तगमग जास्त होती. मदतीची घाई मला त्यांच्यासाठी होत नव्हती; ती धडपड पाहणे मला सोसवत नव्हते म्हणून होत होती. बटण लागल्यावर त्यांनी कॉलर नीट केली. ते मी सांगितले नव्हते.

पुढे मी काकांच्या चिमटीच्या सरावासाठी विभागातली पेग (फळीच्या भोकांत बसवायच्या लहान खुंट्या) बाजूला ठेवली आणि सुटी नाणी आणली. कंडक्टरची सवय अशी की नाणे तळहातावर अंगठ्याने पुढे सरकवून मोजतात. ते पाहताना मला जी हालचाल महिनाभर पेगवर मिळाली नव्हती ती मिळाली.

सरावासाठी मदतीची उतरंड अशी ठेवा. आधी फक्त थांबा, मनात दहापर्यंत मोजा. मग शब्दाने सुचवा, तेही प्रश्नाच्या रूपात: 'काज कुठे आहे?' मग बोटाने दाखवा. मग कोपराला किंवा मनगटाला हलका आधार द्या. हात धरून करवून घेणे सर्वांत शेवटी, आणि पुढच्या बैठकीत तिथून पुन्हा वरच्या पायरीकडे यायचे. याला अपवाद आहेत. तोल जात असेल, भाजण्याची किंवा कापण्याची शक्यता असेल, वेदना वाढत असेल किंवा माणूस अपमानित होऊ लागला असेल, तर थांबायचे नाही, पुढे व्हायचे. धडपड आणि छळ यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो, म्हणून हात मागे असले तरी डोळे रुग्णावर हवेत.

ही सवय घरीही येते, याची तयारी ठेवा. धाकट्या भावाच्या बुटांची नाडी बांधून देणे मी त्याच वर्षी सोडले. आईला तो माझा आळस वाटला.

## ५. रुग्णाच्या भाषेत विचारायला शिका

'दैनंदिन जीवनातील क्रिया करताना अडचण येते का?' या प्रश्नाला बहुतेक जण 'नाही' म्हणतात. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा' म्हटले की सगळे बाहेर येते: मोरीत बसता येत नाही म्हणून आठवड्यातून दोनदाच अंघोळ होते, डाव्या हाताने जेवायची लाज वाटते म्हणून लग्नाला जात नाही.

पुस्तकातली मापनसाधने परदेशात तयार झालेली आहेत, हे ध्यानात ठेवा. रोजची कामे माणूस स्वतः किती करू शकतो हे मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ सालचा. दहा बाबी आणि शून्य ते शंभर गुण. त्यात शौचाला जाण्याची बाब आहे, पण आपल्याकडच्या कित्येकांना उकिडवे बसून उठायचे असते, तांब्या भरून पाठीमागे हात न्यायचा असतो, आणि कधी शंभर पावलांवरच्या सार्वजनिक शौचालयापर्यंत जायचे असते. फॉर्म नियमाप्रमाणे भरा, गुण बदलू नका; पण खाली 'घरी कसे?' अशी एक ओळ स्वतःहून लिहा. उपचाराचा आराखडा बहुधा त्या ओळीतूनच तयार होतो.

संबोधनाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. 'काका', 'मावशी', 'आजी' म्हटल्याने माणूस मोकळा होतो, पण सगळ्यांनाच ते आवडते असे नाही. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने मला पहिल्याच दिवशी सांगितले, 'मला बाई म्हणतात.' तेव्हापासून मी 'तुम्हाला काय म्हणू?' असे विचारते. प्रौढ रुग्णाशी लाडिक आवाजात बोलू नका, बोलणे गेलेल्या माणसाला ऐकू कमी येते असे समजून ओरडू नका आणि प्रश्न त्याला विचारून उत्तर मुलाकडून घेऊ नका. नातेवाईक मध्ये बोललेच तर त्यांचे ऐकून घ्या, मग मान वळवून रुग्णालाच विचारा, 'तुमच्या मते?'

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलांच्या आयांशी बोलताना विशेष जपा. घरी करण्याच्या व्यायामांची लांबलचक यादी त्यांच्या हातात ठेवणे सोपे असते. ज्या आईला पहाटे पाणी भरायचे असते, दोन मुले आणि सासू सांभाळायची असते, तिच्यासाठी ती यादी म्हणजे रोजचे अपराधीपण. मुलाला कसे धरून भरवायचे, कसे बसवून अंघोळ घालायची, एवढेच नीट शिकवले तर जे काम ती तसेही करणार आहे त्यातच उपचार होतो.

## ६. चूक झाली की ती हातात धरून पाहा

माझ्या सर्वांत देखण्या स्प्लिंटची, म्हणजे हाताला बांधायच्या आधाराची, ही गोष्ट. दंडाचे हाड मोडल्यावर रेडियल मज्जातंतूला इजा झाली की मनगट खाली पडते. पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या एका बाईंचे तसे झाले होते. मज्जातंतू भरून येतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, म्हणून तोवर मनगट वर उचलून धरणारी स्प्लिंट लागते. मी कागदावर नमुना काढला, थर्मोप्लास्टिक गरम पाण्यात मऊ केले, हातावर बसवले, कडा गोल केल्या, पट्टे लावले. अर्ध्या तासाने काढून त्वचा पाहिली. कुठेही लाली राहिली नव्हती. सगळ्यांनी कौतुक केले.

दोन आठवड्यांनी बाई आल्या. स्प्लिंट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. 'एवढी महागाची वस्तू, कणीक लागली असती हो,' त्या म्हणाल्या.

त्यांचे हात दिवसातून किती तास पिठात आणि पाण्यात असतात, हे मी विचारलेलेच नव्हते. मी मनगट मोजले होते, दिवस मोजला नव्हता. मग आम्ही दोघींनी बसून ठरवले: केंद्रावर पोळ्या लाटण्याऐवजी काही महिने हिशेब आणि डबे भरण्याचे काम मागायचे, आणि त्या वेळी स्प्लिंट घालायची, धुण्या-भांड्यांच्या वेळी काढून कोरड्या जागी ठेवायची, पण उन्हात किंवा गॅसजवळ नाही, कारण हे प्लास्टिक उष्णतेने पुन्हा मऊ पडते.

चूक झाल्यावर दोन वाटा सोप्या वाटतात. पहिली रुग्णाला दोष देण्याची: 'सांगितलेलं पाळत नाहीत.' दुसरी स्वतःला झोडपण्याची, जी वरवर नम्र दिसते पण तिच्यातही लक्ष रुग्णावरून उडून आपल्यावरच येते. तिसरी वाट अशी की चूक त्याच दिवशी शिक्षकांना सांगावी, काय विचारायचे राहिले ते एका वाक्यात लिहावे आणि तो प्रश्न आपल्या तपासणीच्या कागदावर कायमचा छापावा. माझ्या कागदावर तेव्हापासून एक ओळ आहे: 'हात ओले असण्याचे तास.'

शिक्षकांकडून शेरा मिळतो तेव्हा 'चांगलं आहे' यावर समाधान मानू नका. 'मी कोणत्या एका ठिकाणी घाई केली?' असे नेमके विचारा. नेमक्या प्रश्नाला शिक्षकही नेमके उत्तर देतात. काही जण सगळ्यांसमोर कठोरपणे बोलतात. मलाही त्याचा त्रास झाला. त्यातला मुद्दा दुसऱ्या वहीत उतरवून ठेवावा आणि सूर सोडून द्यावा. अपमान वारंवार होऊ लागला तर मात्र विभागप्रमुखांकडे लेखी सांगावे, सहन करत बसू नये.

## ७. पाठ, झोप आणि मन

रुग्णाला खाटेवरून खुर्चीत घेताना एकट्याने उचलू नका. कमरेला पट्टा, रुग्ण आपल्याजवळ, आपले गुडघे वाकलेले, वळायचे ते पावलांनी. आणि शंका आली की दुसऱ्या माणसाला हाक. मी एकदा हाक मारायला संकोचले आणि तीन आठवडे स्वतःच फिजिओथेरपी विभागात रांगेत बसले.

रुग्णांना आपला खासगी फोन नंबर देण्याचा मोह टाळा. मी दिला होता. रात्री अकराला येणाऱ्या फोनला मी नीट उत्तरही देऊ शकत नव्हते आणि न उचलण्याची टोचणी झोपू देत नव्हती. विभागाचा नंबर आणि वेळ लिहून द्यावी.

आपल्या यादीतला एखादा रुग्ण सोमवारी खाटेवर नसेल. चादर बदललेली असेल. सिस्टर दुसऱ्याच कामात असतील आणि तुम्ही हातात गोनिओमीटर घेऊन उभे असाल. त्या दिवशी पुढच्या खाटेकडे लगेच जाऊ नका. पाच मिनिटे बाहेर जाऊन पाणी प्या आणि कोणाशी तरी त्या माणसाविषयी बोला. झोप उडणे, जेवण नकोसे होणे, वॉर्डात पाऊल टाकताना छाती धडधडणे असे दोन-तीन आठवडे टिकले तर ते 'मी या कामाला योग्य नाही' याचे लक्षण समजू नका, मदत घ्या. रुग्णालयातच मानसोपचार विभाग असतो. तिथे ओळखीची माणसे असल्याने संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

## ८. इंटर्नशिप आणि कागदपत्रांची फाइल

इंटर्नशिपमध्ये एकदम स्वातंत्र्य मिळते आणि त्याबरोबर 'आता मला येतं' ही भावनाही. जो विभाग सर्वांत नकोसा वाटतो, त्याची पोस्टिंग अदलाबदल करून टाळू नका. मी मानसोपचाराची पोस्टिंग टाळण्याच्या बेतात होते, आणि गटात गप्प बसलेल्या माणसाला बोलते न करता त्याच्या शेजारी बसून कागदी पाकिटे चिकटवत राहणे हाही उपचार असतो, हे मी तिथेच शिकले.

फाइल पहिल्या वर्षापासून लावा. तिच्यात हे असावे: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचा निकाल, प्रवेशपत्र, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र लागू असल्यास, दरवर्षीच्या विद्यापीठ गुणपत्रिका, लसीची नोंद, आणि पोस्टिंगच्या तासांचे लॉगबुक दर आठवड्याला सही घेऊन. लॉगबुकाकडे दुर्लक्ष होते. जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार प्रत्यक्ष कामाचे निदान १,००० तास लागतात. परदेशात अर्ज करताना त्या तासांचा विभागवार तपशील मागितला जाऊ शकतो, आणि चार वर्षांपूर्वीच्या सहीसाठी बदली झालेल्या शिक्षकांना शोधत फिरणे किती कठीण असते ते मी दोन मैत्रिणींच्या बाबतीत पाहिले आहे. परदेशाचा विचार असेल तर आपल्या संस्थेचा अभ्यासक्रम महासंघाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हेही आताच पाहा.

इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले की राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करा, आणि नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत ओळखीपाळखीतले रुग्णसुद्धा स्वतंत्रपणे घेऊ नका. अर्जाचे नमुने आणि शुल्क बदलत असतात, त्यामुळे ते परिषदेकडूनच घ्यावेत. मूळ गुणपत्रिका सुरक्षित राहाव्यात म्हणून काही जण त्या लॅमिनेट करून आणतात. तसे करू नका. पडताळणीचा शिक्का प्लास्टिकवर उमटत नाही.